काकूंचं मंगळवारचं बटण

काकूंच्या कोटाचं बटण दर मंगळवारी तुटायचं. आता खोटं कशाला बोला, तुटत कसलं होतं! काकू स्वतःच कात्रीने कापायच्या, दोऱ्याचा मागमूससुद्धा ठेवायच्या नाहीत, आणि कोट घेऊन कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांकडे जायच्या.

बाई करणार तरी काय? नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा दूरदेशी, फोनवर त्याची गाडी ‘जेवलीस का’च्या पुढे जात नसे. मैत्रिणी एकेक करून लेकींकडे राहायला गेल्या. इमारतीतली नवी माणसं लिफ्टमध्येही मोबाइलशीच बोलायची. बटण दहा मिनिटांत लागे, काकू बसत तासभर. सगळा आठवडा त्या एका तासावर निघायचा.

त्या मंगळवारी मास्तरांनी कोट घेतला आणि तसाच बाजूला ठेवला. म्हणाले, चाळीस वर्षांत माझं एक बटण निघालं नाही, आणि या कोटाचं नऊ वेळा निघालं. हात गेला माझा. महिनाअखेरीला दुकान बंद करतोय, घरीही सांगून टाकलंय.

काकूंची पंचाईत झाली. गप्प बसावं तर दुकान जातं, बोलावं तर अब्रू जाते. मेलं ते बटण! शेवटी त्यांनी पिशवीतली कात्री काढून टेबलावर ठेवली.

“तुमचा हात चांगला आहे, मास्तर. मीच कापते.”

मास्तर असे काही तडकले की शेजारचा दुकानदार डोकावून गेला. नऊ आठवडे त्यांना अन्न गोड लागलं नव्हतं, तीन प्रकारचे दोरे बदलून झाले होते! गप्पाच मारायच्या होत्या तर नुसतं यायला काय झालं होतं?

“कामाशिवाय कुणाच्या दारात किती दिवस जाणार हो?” काकू म्हणाल्या. त्यांना रडू आवरेना.

मास्तरांनी एक स्टूल पुढे ओढलं आणि बटणांचा डबा काकूंच्या हातात दिला.

“मग हे घ्या काम. उद्यापासून दहाला यायचं.”

दुसऱ्या दिवशी काकू पावणेदहालाच हजर. शिवणकाम म्हणाल तर आनंदीआनंद. आठवड्याभरातच एक म्हातारं गिऱ्हाईक लोंबतं बटण घेऊन तावातावाने आलं. मास्तरांनी कपाळाला हात लावला. काकूंनी मात्र खुशीत खुर्ची पुढे केली आणि सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, घरी कोण कोण असतं?

एकटाच असतो, गिऱ्हाईक म्हणालं, आणि बसलं.