मुरुडच्या वळणावर सुटलेला टायर

मी एक जुना टायर आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना बहुधा गोड बोलतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी अजून कुणालाही माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही.

हौशी माणसं सुट्टीच्या दिवशी बंदिस्त ट्रॅकवर गाड्या पळवतात, त्यांच्यासाठी मला घडवलं होतं. मऊ रबर, अंगावर नावापुरत्या खाचा. तापलो की डांबराला चिकटून राहायचं, एवढंच माझं काम. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा एका कामगारानं माझ्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "लोण्यासारखा आहे." आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक. शेवटचंही तेच.

पुढं सहा उन्हाळे मी एका व्यापाऱ्याच्या पत्र्याच्या गोदामात काढले. त्या पत्र्याखाली माझ्यातलं लोणी आटत गेलं. वरून काळाभोर, आतून वाळलेल्या भाकरीसारखा. मला ते समजत होतं. पण खरं सांगू? मला ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मला एकदा तरी पळायचं होतं.

आम्हा चौघांना विकत घेतलं लातूरच्या शरदचंद्र सरांनी. सर एका मोठ्या शिकवणी वर्गात भौतिकशास्त्र शिकवायचे. मुरुडच्या पलीकडं एका बंद सूतगिरणीच्या आवारात डांबरी ट्रॅक केलेला आहे. महिन्यातून एका रविवारी तिथं हौशी मंडळी जमतात, सरही जायचे. गेल्या खेपेला मनिषा नावाच्या बाईनं आपल्या छोट्या जुन्या गाडीत, साध्या टायरांवर, सरांपेक्षा चार सेकंद आधी फेरी पुरी केली होती. ते चार सेकंद सरांच्या घशात अडकले होते.

ही मनिषा मूळची बिलोलीची. वडील पंक्चर काढायचे. तिनं आयटीआय केलं आणि अंबाजोगाई रोडला टायरचं दुकान टाकलं. मागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, समोर काउंटरला आई, धुरपताबाई. सरांनी आम्हाला गाडीत घालून आणलं ते याच दुकानात.

"चारही बसवून दे," सर म्हणाले.

आठ दिवसांपूर्वी सर इथंच टायर निवडायला येऊन, भांडून गेले होते. हे मला त्यांच्या बोलण्यातूनच कळलं.

"सर, म्या काय सांगितलं होतं?" मनिषा म्हणाली. "एक वर्षभर रस्त्याचेच चांगले टायर वापरा. ते पकड सोडायच्या आधी किंचाळतात. आवाज आला की माणूस सावध होतो. हे रेसचे टायर किंचाळत न्हाईत. धरून ठेवतात, धरून ठेवतात, आन एकदम सोडतात. हात बसल्याबिगर ह्यांच्या नादी लागू नका."

"वीस वर्षं मी घर्षण शिकवतोय. तू मला शिकवू नकोस. पंक्चरवाल्यांनी पंक्चर काढावं."

धुरपताबाई काउंटरवरून उठल्या. "सर, आम्ही तुमच्या वर्गात येऊन बोलत न्हाई. हितं तुम्ही नीट बोला."

मनिषानं आईला हातानंच थांबवलं. तिनं मला उन्हात ओढलं, माझी कूस, म्हणजे बाजूची भिंत, फडक्यानं पुसली आणि तिथले आकडे बोटानं दाखवले. "पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. सहा वर्षं झाली ह्याला." मग तिनं नख दाबलं. "रुतत न्हाई, बघा. बारीक भेगा पडून राहिल्या हितं. हा मऊ टायर उरला न्हाई, सर. मी बसवणार न्हाई."

भर रस्त्यावर, शेजारच्या चहावाल्यासमोर, तिनं माझं वय वाचून दाखवलं! मित्रांनो, त्या क्षणी मला तिचा जेवढा राग आला तेवढा कधी कुणाचा आला नाही. ती खोटं बोलली असती तर इतका आला नसता.

"हरशील म्हणून घाबरलीस," सर म्हणाले, आणि आम्हाला घेऊन निघाले. दुसऱ्या दुकानात कुणी काही विचारलं नाही. मी मागच्या डाव्या चाकावर चढलो.

रविवारी सकाळी सूतगिरणीच्या फाटकापाशी व्यंकटराव गाड्या तपासत होते. एसटीतून निवृत्त झालेले, पन्नास प्रकारचे टायर हाताखालून गेलेले. त्यांनी वाकून मला पाहिलं आणि त्यांचा हात माझ्यावर थांबला. तेवढ्यात सर म्हणाले, "काय व्यंकटराव, नात कशी आहे? अभ्यास करते ना?" व्यंकटरावांची नात सरांच्या वर्गात होती. व्यंकटराव सरळ उभे राहिले. "जाऊ द्या," ते म्हणाले आणि पुढच्या गाडीकडं वळले. त्यांना सगळं कळलं होतं. म्हणून तर माझा त्यांच्यावरही राग आहे.

सरांच्या शेजारी त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी श्रद्धा बसली होती, डोक्यावर मोठं हेल्मेट घालून. वडील जिंकताना तिनं पाहावं, अशी सरांची इच्छा होती. गाडी सुरू झाली आणि मनिषा येऊन बॉनेटसमोर उभी राहिली.

"बाजूला हो."

"तुम्ही जावा, सर. तुमच्या जिवाचं तुम्ही बघा. पोरीला उतरवा."

"तुझा काय संबंध?"

"काई न्हाई. पण उतरवल्याबिगर मी हलत न्हाई."

सरांनी हॉर्न दाबून धरला. सगळे लोक बघू लागले. मनिषानं काचेतून सरळ श्रद्धाकडं पाहिलं आणि म्हणाली, "तूच उतर, बाई. टायर वाळलेत."

श्रद्धानं पट्टा सोडला.

"उतरलीस तर घरी यायचं नाही," सर म्हणाले. आवाज चढवून नाही, अगदी शांतपणे.

श्रद्धाचा हात दाराच्या कडीवर थोडा वेळ तसाच राहिला. मग तिनं दार उघडलं.

पहिल्या फेरीत मी धरून राहिलो. दुसरीतही. तापत होतो, पण तापूनही मऊ पडत नव्हतो. तिसऱ्या फेरीत ट्रॅकवरचं लांब उजवं वळण पुन्हा आलं. सरांनी वेग कमी केला नाही. गाडीचा सगळा भार डाव्या अंगावर, माझ्यावर आला. मी जीव खाऊन डांबर धरलं आणि मग, मित्रांनो, मी सोडलं. आवाज न करता सोडलं. गाडीची मागची बाजू बाहेर फेकली गेली, गाडी गरकन फिरली आणि डाव्या अंगानं मातीच्या बांधावर आदळली.

सर स्वतः बाहेर आले. एक हात कोपरापासून लोंबत होता. त्यांच्या शेजारची सीट मात्र उरली नव्हती. दार आत येऊन गिअरला टेकलं होतं. व्यंकटराव खाली मातीत बसले.

सर मनिषाकडं वळले. "तुझी नजर लागली," ते म्हणाले.

"नजर?" श्रद्धा म्हणाली. "बाबा, तुम्ही हे म्हणता?"

ती त्यांच्यासोबत दवाखान्यात गेली, पण घरी गेली नाही. नांदेडला मावशीकडं राहायला गेली.

पुढं सरांनी लातूरभर सांगितलं की टायर मनिषानंच बसवले होते. नेहमीची काही गिऱ्हाइकं तिच्या दुकानापुढून मान खाली घालून जाऊ लागली. सर आजही तेच सांगतात.

मोडकी गाडी सूतगिरणीतच पडून राहिली. महिन्याभरानं उदगीरचा संगमेश नावाचा भंगारवाला आला. त्यानं मला उलटंसुलटं केलं. "गाडी मेली, टायर बरे हायत की! काळं पॉलिश मारलं की नवे. कुणीबी घेईल."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पुन्हा पळायला मिळणार होतं! कुणाची गाडी, आत कोण बसणार, हा विचार माझ्या मनात आलाही नाही.

पण व्यंकटरावांनी या खेपेला गप्प राहायचं नाकारलं. त्यांनी मनिषाला फोन केला, मनिषानं श्रद्धाला. श्रद्धा नांदेडहून बसनं आली.

"टायर विकायचे नाहीत," ती संगमेशला म्हणाली. "बाबांना काय सांगायचं ते मी बघते." मग मनिषाला विचारलं, "ताई, हे पुन्हा कुणाच्या गाडीला लागू नयेत म्हणून काय करायचं?"

मनिषानं पिशवीतून सुरी काढली, तिला साबणाचं पाणी लावलं आणि श्रद्धाच्या हातात दिली. "कुशीत घाल. हितं आत लोखंडी तारा न्हाईत. भिऊ नको, जोर लाव."

श्रद्धानं दोन्ही हातांनी जोर लावला. मला आरपार चिरलं. मग बाकीच्या तिघांना.

आता मला दळून भुकटी करायला नेणार आहेत. मित्रांनो, वस्तू जपा, असं सगळेच सांगतात. जपाच. मलाही कुणी सावलीत ठेवून वेळेवर वापरलं असतं, तर ही वेळ आली नसती. पण ज्या वस्तूवर माणसाचा जीव टेकतो ती संपली, की तिची कीव करू नका आणि तिला दुसऱ्याच्या गळ्यातही मारू नका. ती चकाकेल, गयावया करेल, अजून एकच फेरी मागेल. मीही मागत होतो.

ऐकू नका. कापा.