चालीच्या वरचा सूर

"रेकॉर्ड नको," एर्मा म्हणाली. "मेलेल्या माणसाला स्वतःच्याच मर्तिकात गायला लावायचं म्हणजे काय? तू गा, डेल्मर."

डेल्मरच्या गेलेल्या भावाच्या, हार्लनच्या स्वयंपाकघरात त्या वेळी पाय ठेवायला जागा नव्हती. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणलेली भाजलेली हॅम, मक्याचा पाव, चिकनची पातेली, केळ्याचं पुडिंग असं सगळं टेबलावर मांडलेलं होतं आणि खाणारा कोणी नव्हता. एर्माचा भाचा हार्लनची जुनी रेकॉर्ड छातीशी धरून उभा होता. उद्या चर्चमध्ये ती लावावी ही त्याची कल्पना. चांगली कल्पना आहे, असं डेल्मर म्हणणारच होता. पण वहिनीनं 'तू गा' म्हटलं आणि त्याच्या तोंडून 'बरं' निघून गेलं. उभ्या जन्मात त्याला एकट्याला गा म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं.

तसा तो लहानपणापासून गात होता, पण हार्लनच्या वरून. बाप खाणीतून आला, अंग धुऊन झालं, की दोघा पोरांना पायरीवर बसवायचा. एकदा हार्लनला म्हणाला, तू चाल धर, आणि डेल्मरला म्हणाला, तू त्याच्या वर जा. झालं, वाटणी झाली. जमिनीची वाटणीसुद्धा आमच्या डोंगरात इतकी पक्की होत नाही. हार्लनकडे गाणं गेलं आणि डेल्मरकडे, तेच शब्द त्याच वेळी वेगळ्या स्वरांत घेऊन गाण्याच्या डोक्यावरून जाणारा तो बारीक, उंच सूर. तो नसला तर गाणं उघडं पडतं, पण तो कोणी गुणगुणत घरी नेत नाही.

पुढे दोघांचे 'स्टिडम ब्रदर्स' झाले. हॅझर्ड गावच्या रेडिओवर, पहिल्या पाळीचे खाणकामगार न्याहारीला बसलेले असताना, पिठाच्या एका कंपनीच्या कृपेनं ते गायचे. शनिवारी नाचाच्या कोठारात दारू, आगगाड्या आणि पळून गेलेल्या बायका यांची गाणी. रविवारी प्रार्थनेच्या तंबूत क्रूस, नदी आणि स्वर्गातली घरं. गळे तेच, गिटारी त्याच, फक्त शर्ट बदलायचे. पोरी सही मागायला यायच्या त्या हार्लनकडे. डेल्मर तोवर सामान गाडीत चढवायचा. याचं त्याला वाईट वाटायचं नाही, असं तो म्हणायचा, आणि लोक ते खरं मानायचे.

मग नॅशव्हिलहून रेकॉर्ड कंपनीचा एक माणूस आला आणि हार्लनला एकट्याला घेऊन गेला. आमच्याकडे एकच माईक आहे, असं काहीतरी तो डेल्मरला हसत म्हणाला होता. त्या हिवाळ्यात डेल्मर खाणीत लागला. डोंगरात झाडं फुलायला लागली आणि हार्लन परत आला. का आला, ते त्यानं धड कोणालाच सांगितलं नाही. भावाला मात्र एवढंच म्हणाला, "वर कोणी नसलं की मला पडल्यासारखं होतं रे." या एका वाक्यावर डेल्मरनं पुढचं सगळं आयुष्य काढलं. बायको सोडून गेली, रेडिओवाल्यांनी नवी पोरं घेतली, हार्लनही खाणीत उतरला, तरी ते वाक्य त्याला पुरलं.

खाणीनं शेवटी हार्लनची फुप्फुसं खाल्ली. नळकांड्यातला प्राणवायू नाकाला लावून तो खुर्चीत बसून असायचा. रविवारी जेवणं झाली की डेल्मर जायचा आणि समोर बसून गायचा. हार्लनच्या गळ्यातून आवाज निघत नसे. तो बोटानं ठेका धरायचा आणि नुसते ओठ हलवायचा. डेल्मर आपला वरचा सूर लावायचा. शेवटी नेहमी एकच गाणं, 'पलीकडच्या काठाला दिवा'. दोघांच्याही कानात ते भरगच्च वाजायचं. एर्मा आतून भांडी विसळत म्हणायची, छान झालं.

दफनाच्या दिवशी सकाळी डेल्मर चर्चच्या अंगणात ट्रकमध्ये काचा वर करून बसला आणि त्यानं चाल म्हणून बघितली. चाल त्याला घरच्या वाटेइतकी ठाऊक होती. पहिली ओळ नीट आली. दुसऱ्या ओळीला, म्हातारं घोडं तबेल्याकडे वळावं तसा, त्याचा गळा आपसूक वर वळला. त्यानं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. गळा बसायची वेळ आली तरी दुसरी ओळ खाली राहीना. आपल्याकडे वरचा सूर आहे, गाणं नाही, हे त्याला तेव्हा कळलं आणि तो घाबरला.

अजून वेळ गेली नव्हती. भाच्याच्या गाडीत ती रेकॉर्ड पडलेली होती, नुसतं सांगायचा अवकाश. तेवढ्यात एर्माला कोणीतरी हात धरून गाडीतून उतरवलं. तिनं डेल्मरला पाहिलं आणि लांबूनच मान हलवली. त्याला सांगवेना. आणि खरं बोलायचं तर, त्याला गायचं होतं. भावाला त्याच्या गाण्याविना मातीत जाऊ द्यायचं नाही, आणि ते गाणं आपणच म्हणायचं, एवढं एकच त्याला हवं होतं. गाणं सगळ्यांना पाठ आहे, त्यानं मनाशी म्हटलं. ज्याला त्याला आपापल्या कानात खालून हार्लन ऐकू येईल.

चर्च भरलं होतं, पण स्टिडम ब्रदर्सना ऐकलेली माणसं त्यात बोटावर मोजण्याइतकी. बाकीची ओहायोच्या कारखान्यांत नाहीतर मागच्या टेकडीवर दगडांखाली. डेल्मर गिटार घेऊन शवपेटीशेजारी उभा राहिला, डोळे मिटले आणि आपला सूर लावला. गळा चांगला लागला होता. मिटल्या डोळ्यांपुढे हार्लनचं बोट ठेका धरत होतं, एकेक शब्द जागच्या जागी पडत होता. इतकं नेमकं तो रेडिओवरसुद्धा कधी गायला नव्हता.

दुसऱ्या कडव्याला त्यानं डोळे उघडले. पुढच्या बाकावरच्या बाया मांडीकडे बघत होत्या. मागे एक पोरगी फिसकन हसली आणि तिच्या आईनं तिला चिमटा काढला. एर्मा त्याच्याकडे बघत होती, चुकून भलत्याच घरात शिरलेल्या माणसाकडे बघावं तशी.

पाद्री टॅकेट जवळ आले. तरुण माणूस, नव्यानंच आलेला, मनानं फार चांगला. त्यांनी डेल्मरच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू द्या, ब्रदर डेल्मर," ते हळूच म्हणाले. "दुःखात चाल सुटते माणसाची. तुम्ही बसा. आम्ही म्हणतो."

डेल्मर बसला. पियानो सुरू झाला, लोक उभे राहिले आणि गाणं आलं. खरं गाणं, चालीवरचं, ज्याच्या वरून तो आयुष्यभर चालत आला होता. त्याचा गळा सवयीनं उचलला गेला. पण पियानोची पट्टी बायकांच्या सोयीची, उंच धरलेली. तिच्या वर त्याला जागाच नव्हती. त्यानं दोनदा तोंड उघडलं, दोनदा आवाज फाटला, आणि शेजारच्या ओपल कॉडिलनं मायेनं त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. दमलायस, राहू दे, म्हणाली. त्यानं तोंड मिटलं.

एर्माला रडू फुटलं ते आता. तो गात असताना तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. आता ती खांदे गदगदा हलवत रडत होती आणि लोकांबरोबर गातही होती. गाणं संपेपर्यंत डेल्मरनं गिटार तिच्या खोक्यात ठेवली आणि एकेक खटका दाबून बंद केला.

शवपेटी उचलायला माणसांना बोलावलं तेव्हा एर्मा त्याच्याजवळ येऊन थांबली. तिचा राग नव्हता, उलट तिला त्याची कीव आली होती.

"चाल विसरलास होय रे?" ती म्हणाली. "आधी सांगायचंस मला. आपण त्याची रेकॉर्ड लावली असती."

डेल्मरनं तिच्याकडे पाहिलं. सांगायला बसलं तर बापाच्या पायरीपासून सांगावं लागलं असतं.

"हो," तो म्हणाला. "विसरलो."

सहा जण दोन्ही बाजूंना उभे राहिले. डोक्याकडची कडी डेल्मरच्या वाट्याला आली होती. वजन पेलायचं म्हणून त्यानं पाय रोवले, श्वास रोखला आणि इतरांबरोबर उचललं. हार्लन फारच हलका झाला होता.