दोनशे चाळीस व्होल्टचा रेडिओ

मी एक जुना रेडिओ आहे. त्या शनिवारी सकाळी अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या घरात पुरुषोत्तमने नेहमीसारखी माझी धूळ पुसली, मला सुरू केलं आणि सुट्टीला आलेल्या मुलीला हाक मारली, "रेणू, ये गं, रेडिओ तापलाय!"

"इन अ मिनिट, डॅड," वरून उत्तर आलं. "ट्रॅफिकच ऐकायचा ना? फोनवर दिसतो."

"दिसतो गं. पण आपण त्यात अडकलो नाही, याची मजा रेडिओवरच!"

तो एकटाच हसला. रेणू खाली आली नाही. ती घरी असली की दर शनिवारी असंच व्हायचं.

मित्रांनो, माझा जन्म इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. तरुण पुरुषोत्तम तिथे तपासणी विभागात कामाला होता. माझ्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह आहेत. ते तापल्याशिवाय मला आवाज फुटत नाही. तेव्हा आमच्या कंपनीचं नाव घराघरात होतं. पुढे ट्रान्झिस्टर आले, मग जपानी माल आला, आणि कारखान्याला कुलूप लागलं. नाव तेवढं विकलं गेलं. आज ते कुणा परक्याच्या स्पीकरवर छापलेलं असतं.

पुरुषोत्तम मला मांडीवर घेऊन अमेरिकेत आला. इथल्या भिंतीतली वीज मला निम्मीच पडते, म्हणून त्याने एक जड ट्रान्सफॉर्मर आणला. मी पुन्हा बोलू लागलो.

त्या शनिवारनंतरच्या पहाटे तो झोपेतून उठला नाही.

घर आवरताना ट्रान्सफॉर्मर हत्यारांबरोबर गराजमध्ये गेला. रेणूने मला थेट भिंतीत लावलं. मी मिणमिणलो, आवाज फुटेना.

"हाही गेला," ती म्हणाली आणि मला दान द्यायच्या खोक्यात ठेवलं. त्या हाकेनंतर त्याच्यासोबत बसणारा मी एकटाच होतो, आणि मीही चाललो होतो.

तेवढ्यात शेजारच्या सुहासिनीकाकू डबा घेऊन आल्या. "अगं, थेट लावलास? त्याचं ते जड धूड कुठंय? गणपतीत आमच्याकडे आणताना ह्यांची कंबर धरली होती!"

रेणूने ते गराजमधून उचलून आणलं. काकू गेल्यावर मला सुरू करून ती त्याच्या खुर्चीसमोर बसली. तिथे ती कधीच बसली नव्हती.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना तापायला वेळ लागतो. तेवढा वेळ जवळ बसत जा.

मी हळूहळू उजळलो. घरघरलो. मग बातमी आली: टर्नपाइक हायवेवर गाड्या तुंबल्या होत्या.

रेणूने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"आले, बाबा," ती म्हणाली.