तिसरी किल्ली

नव्या घरात आल्यावर पहिलं काम कोणतं? आम्ही अडाणी माणसं म्हणायचो, नळाला पाणी येतंय का बघा आणि चहाचं आधण ठेवा. आमच्या चिरंजीवांनी मात्र मोबाइलवर तज्ज्ञांचं ऐकलं होतं : आधी कुलूप बदला. जुन्या मालकाकडे एखादी किल्ली राहिलेली असते म्हणे. जुने मालक काठी टेकत चालतात, त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही. ते येणार होते आमचे डबे पळवायला!

तर गॅस जोडायच्या आधी किल्लीवाला आला. दार ओढलं की आपोआप बंद होणारं कुलूप बसलं, सोबत तीन किल्ल्या. एक चिरंजीवांनी घेतली, एक सूनबाईंनी. तिसरीसाठी मी हात पुढे केला.

"आई, तुला कशाला? तू तर घरातच असतेस. आणि हो, अनोळखी माणसाला दार उघडू नकोस."

तिसरी किल्ली अडीनडीला म्हणून शेजारच्या टोपीवाल्यांकडे गेली. ओळख मोठी गाढ. सामान चढवताना त्यांनी लिफ्टचं दार धरलं होतं. मी चिरंजीवांना नऊ महिने पोटात धरलं होतं, पण लिफ्टच्या दारापुढे ते काय!

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले आणि मागे दार बंद झालं. टोपीवाल्यांनी बिचाऱ्यांनी लगेच उघडून दिलं. वर अदबीने म्हणाले, "या, या, आत या. बसा ना."

मी माझ्याच खुर्चीच्या टोकावर बसले. ते गेल्यावर मला रडू आलं. संध्याकाळी चिरंजीवांना सांगितलं, तर म्हणाले, "पण बाहेर गेलीसच कशाला?"

रविवारी दोघं रिकामी खोकी खाली टाकायला गेली. दोघांच्या किल्ल्या टेबलावर. टोपीवाले लेकीकडे गेलेले. बेल वाजली.

"कोण?"

"आई, मी!"

"मी कोण? अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही, असं मुलाने बजावलंय."

बाहेर सूनबाई खुदकन हसल्या. अडला हरी म्हणतात तो दाराबाहेर उभा होता. म्हणीतलं दुसरं पात्र कोण, ते सांगायला नको.

"आई, उघड ना. तू किल्ली हरवशील म्हणून नाही दिली. दुसरं काही नाही गं."

असं होय! मी दार उघडलं.

"शाळेत जाताना तुझ्या गळ्यात घराची किल्ली कोण बांधायचं?"

"तू."

"किती वेळा हरवलीस?"

चिरंजीव छताकडे बघू लागले.

"मग मी काय केलं? शेजाऱ्यांकडे ठेवली?"

"नाही," तो हळूच म्हणाला. "दर वेळी नवी करून आणलीस."

सूनबाई हसायच्या थांबल्या. त्याने आत येऊन टेबलावरची स्वतःची किल्ली उचलली आणि माझ्या हातावर ठेवली.

"आणि तुला रे?"

"मी करून घेईन दुसरी. तोवर बेल वाजवेन. तू तर घरातच असतेस ना."

"नसते," मी म्हटलं, आणि पायात चपला सरकवल्या.