कॉलेजातला शनी

बोरतळवाडीच्या सहादेवानं लोखंडाला हात लावणं सोडलं, त्याला दोन वर्षं होत आली होती. माणसं दारू सोडतात, तंबाखू सोडतात, फार तर घरदार सोडून जातात. सहादेवानं लोखंड सोडलं. त्याची रास वृषभ आणि शनीही वृषभेतच ठाण मांडून बसलेला; म्हणजे साडेसातीचा मधला, सगळ्यात खाष्ट तुकडा. आणि लोखंड पडलं शनीचं. गावच्या शनीच्या चौथऱ्यावर तेल गोळा करणारा गहिनीनाथ गुरव त्याला म्हणाला होता, "सहादेवा, सुटका हुईस्तवर लोखंडापासनं जपून ऱ्हा." हे गुरव सगळ्यांनाच सांगायचा, आणि सगळे मान डोलावून खुरपं उचलायचे. सहादेवानं मात्र शब्द झेलला. विळा लोखंडाचा, कुदळ लोखंडाची, पहार तर पायापासून डोक्यापर्यंत लोखंडाची. मग उरलं काय? बाज. ती लाकडाची आणि सुंभाची होती. तिच्यावर तो निर्धास्त आडवा व्हायचा.

लोखंडी तव्यावरची भाकरी मात्र चालायची. त्याची बायको छबूबाई हे त्याला रोज ऐकवायची.

"तव्याला तू हात लावतीस," सहादेव म्हणायचा. "मी निस्ता भाकरीला लावतो."

अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून?

दुष्काळाचं वर्ष होतं. सगळा गाव रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होता, छबूबाईही फोडत होती, आणि दिवसभर तिच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट असायची, रानातली अर्धी विहीर. सुरुंगानं फुटलेला दगड तळाशी तसाच पडून होता. तेवढा वर काढला असता तर खाली ओल होती, तिनं स्वतः हात लावून पाहिली होती. दगड ओढायची लोखंडी यारी काठावर उभी होती, तिला नवी साखळीही बसवून झाली होती. फक्त यारीची मूठ फिरवणारा नवरा बाजेवर होता. पुढच्या पावसाआधी दगड निघाला नाही, तर पहिल्या गाळानं सगळं बुजून जाणार, हे पोरासोरांनाही कळत होतं. छबूबाईनं गोडीनं सांगून पाहिलं, शिव्या घालून पाहिल्या, एकदा उपाशीही ठेवून पाहिलं. त्या दिवशी तो शेजारी जेवला.

अशात कामावरच्या मुकादमानं बातमी आणली. नगरच्या एका कॉलेजानं म्हणे भिंगारच्या वाटेवर माळाला वेधशाळा बांधलीय. वर गोल घुमट, आत भलीमोठी दुर्बीण, आणि दर शनिवारी दिवे लागले की येईल त्याला फुकट शनी दाखवतात. खराखुरा. कडं घातलेला.

छबूबाईच्या हातातला हातोडा थांबला. तिनं मनात ठरवून टाकलं. ज्यानं आपल्या घराची वाट लावली त्याला एकदा तोंडावर गाठायचं. नवऱ्याला तोंडावर उभं करायचं, आणि काय तो निकाल लावून घ्यायचा.

सहादेव लगेच तयार झाला. दर्शनाला त्याची कधीच ना नव्हती, दर्शनात लोखंड येत नाही. पण गहिनीनाथ गुरवही निघाला. तो आला धंद्याच्या काळजीनं. देव असा नगरला फुकटात दिसायला लागला, तर चौथऱ्यावर तेल घेऊन कोण येणार? तेव्हा हा कोण नवा शनी उपटलाय, ते जातीनं पाहून यायला हवं होतं.

वेधशाळेच्या दारात एक तरुण बाई उभी होती. नीट नेसलेलं पातळ, डोळ्याला चष्मा. त्या विजयमालाबाई, कॉलेजात विज्ञान शिकवायच्या, आणि दुर्बीण त्यांच्याच ताब्यात होती. हे कळल्यावर गुरवानं कानाला हात लावले.

"शनीवर बाई नेमलीय," तो सहादेवाच्या कानात म्हणाला. "मंग दुष्काळ पडंल न्हाई तर काय हुईल?"

खालच्या दालनात सुरुवातीलाच एक चकचकीत गोळा होता. आत कसलासा पट्टा गरगर फिरत होता. बाईंनी सांगितलं, पाटावर उभं राहून गोळ्याला हात लावा, अंगात वीज भरते, भ्यायचं कारण नाही. सगळे मागं सरले. गुरव पुढं झाला, कारण गावच्या माणसांसमोर त्याला मागं सरता येत नव्हतं. त्यानं हात टेकवला मात्र, आणि त्याची शेंडी टोपीच्या मागून सरळ उभी राहिली. लोक हसायला लागले. गुरवानं डोळे मिटले आणि घुमायला सुरुवात केली. "आलंय, अंगात आलंय," असं तो म्हणत होता, तेवढ्यात बाईंनी बटण बंद केलं. शेंडी खाली आली, वारंही उतरलं. गुरव पाटावरून उतरला आणि त्यानं टोपी कानापर्यंत ओढून घेतली.

पुढं मोठ्या मेजावर सूर्यमाला मांडली होती. मधे दिव्याचा सूर्य, भोवती तारांवर बसवलेले रंगीत लाकडी गोळे, आणि सगळे हळूहळू फिरत होते. पत्र्याचं कडं घातलेला तो शनी, हे सहादेवानं न विचारता ओळखलं. त्यानं खिशातनं तेलाची बाटली काढली, टोपी सारखी केली आणि "शनिदेवा" म्हणत धार सोडली. पण हा शनी चौथऱ्यावरच्यासारखा गप बसणारा नव्हता. तो आपला पुढं निघून गेला, आणि तेलाची सगळी धार आतून येणाऱ्या पृथ्वीवर पडली.

"अहो, हे काय करताय!" विजयमालाबाई ओरडल्या.

"वाईच चुकलं," सहादेव म्हणाला. "पुढल्या फेऱ्याला घालतो."

"हे तेल मागनं कोन घेतं?" गुरवानं बारकाईनं चौकशी केली.

शिपाई गोरक्षनाथ फडकं घेऊन धावला. पृथ्वी पुसता पुसता तो सहादेवाकडं असा बघत होता, की छबूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती निकाल लावायला आली होती. ती तिथून हलली नाही.

वर जाण्याआधी सहादेवानं आणखी एक पराक्रम केला. अंघोळ केल्याशिवाय, अंग ओलं असल्याशिवाय शनीसमोर जायचं नाही, हा गावचा रिवाज. नळाला पाणी नव्हतं. म्हणून गोरक्षनाथाच्या माठातलं पिण्याचं पाणी त्यानं तांब्यातांब्यानं अंगावर ओतून घेतलं आणि माघातल्या वाऱ्यात कुडकुडत, ओल्या धोतरानं रांगेत येऊन उभा राहिला. दुष्काळात माठभर पाणी! गोरक्षनाथानं त्याला शिवी दिली, आणि छबूबाईला ती अगदी रास्त वाटली.

घुमटाखाली सिमेंटचा ओटा होता, ओट्यावर दुर्बीण, आणि वर चढायला लोखंडी पायऱ्या. रांगेतल्या निम्म्या लोकांनी वहाणा खालीच काढल्या होत्या. कुणीतरी ओट्याच्या कडेला नारळही ठेवला होता. घुमटाला एक लांबट फट होती, तेवढ्यातनं आभाळ दिसायचं.

पहिला नंबर गुरवानं लावला. त्यानं नळीला डोळा लावून बराच वेळ पाहिलं आणि खाली येऊन निकाल दिला.

"ह्यो आपला न्हाई. आपला शनी काळाकुट्ट हाय. ह्यो लेकाचा गोरा."

त्याच्या मनावरचं मोठं ओझं उतरलेलं दिसत होतं.

मग सहादेव चढला. लोखंडी पायरीवर पाऊल गेलं, पण हात त्यानं छातीशी जोडलेले होते, कठड्याला लागू दिले नाहीत. शनीच्या नजरेला नजर द्यायची नसते. म्हणून तो नळीपाशी तिरका उभा राहिला, मान झुकवली आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"दिसलं का?" बाईंनी विचारलं.

"व्हय जी. लई तेज हाय."

त्याचे डोळे मिटलेले होते, हे एकट्या छबूबाईनं पाहिलं. एवढ्या लांब आणून माणूस डोळे मिटून परत निघाला होता.

आता तिची पाळी. तिनं पदर खोचला आणि पायरीवर पाय ठेवला, तसा गुरव आडवा आला.

"छबू, बाईमानसानं शनीचा चौथरा चढत्यात का? खालनं हात जोड आन् चल."

"गुरवबाबा, तुमीच म्हनला न्हवं, ह्यो आपला न्हाई म्हनून?"

गुरवानं विजयमालाबाईंकडं दाद मागितली.

"अहो, मी रोज इथं चढते," बाई म्हणाल्या. "मी पण बाईच आहे."

"तुमचं ठीक हाय," गुरव म्हणाला. "तुमी नोकरीत हाय."

छबूबाई तोवर वर पोचली होती. तिनं नळीला डोळा लावला. आत काळं होतं. तिनं दुसरा डोळा लावला, तरी काळंच. ह्या भांडणात वेळ गेला होता, शनी सरकून फटीच्या कडेआड गेला होता. घुमट फिरवायला हवा होता. गोरक्षनाथानं भिंतीतली लोखंडी मूठ फिरवायला घेतली, ती अर्ध्यावर अडली. एकट्याचं काम नव्हतं ते, आणि त्याचा जोडीदार चहाला गेला होता. शिवाय नव्या कामाचा गुण असा, की मूठ जरा ढिली सोडली की घुमट आपसूक मागं यायचा.

"अहो, कुणीतरी हात लावा!" गोरक्षनाथ ओरडला.

कुणी हललं नाही. शनी झाकतोय, तर देवाचीच मर्जी असेल, असं काहींना वाटलं. बाकीच्यांचं पाहून झालं होतं.

"काळं हाय सगळं," छबूबाई वरनं म्हणाली. डोळा तिनं काढला नव्हता. "आमच्या वक्ताला काळंच असायचं. जाऊ द्या."

ती हे चिडून बोलली असती, तर सहादेवाला सवय होती. पण ती चिडली नव्हती. आवाज असा आला, की ह्या बाईनं आता काही मागायचंच सोडून दिलंय. सहादेवाला तो आवाज सोसला नाही. तो ओल्या धोतरानं रांगेतनं घुसून धावला आणि मूठ दोन्ही हातांनी धरून जीव खाऊन रेटायला लागला. घुमट करकरला, हलला, सरकला.

"अगं बया!" वरून आवाज आला.

छबूबाईला शनी दिसला. पिवळसर, इवलासा, परातीत लाडू ठेवावा तसा आपल्या कड्यात बसलेला. तिनं काय काय बोलायचं ठरवलं होतं. दोन वर्षांच्या शिव्या गोळा करून आणल्या होत्या. त्यातली एकही आठवेना. इतकं देखणं काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते इतकं लांब होतं, इतकं गप होतं, की तिचा राग कुठं ठेवावा हेच तिला कळेना. तिच्या डोळ्यांना पाणी आलं, तसा शनी अंधूक झाला. तिनं घाईघाईनं डोळा पुसला आणि परत लावला.

"ह्यो तर कुनाकडं बघतबी न्हाई," ती म्हणाली.

"सहादेवा!" गुरव खालून किंचाळला. "लोखंड धरलंस! शनिवार हाय, शनी म्होरं हाय आन् तू लोखंड धरलंस!"

सहादेवानं आपल्या हातांकडं पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"छबे," तो म्हणाला, "सोडू का?"

"सोडू नगा! माझं झालं न्हाई अजून."

त्यानं सोडलं नाही. ओल्या अंगाला घाम फुटला होता, पण मूठ त्यानं धरून ठेवली. छबूबाईनं पोटभर पाहिलं. मागचे लोक कुरकुरायला लागले, तरी पाहिलं. विजयमालाबाईंनीही तिला उतर म्हटलं नाही.

एस्टी स्टँडकडं येताना गुरव पुढं पुढं चालला होता. त्याला ह्या दोघांच्या सावलीत यायचं नव्हतं. छबूबाईनं नवऱ्याचा हात ओढून दिव्याखाली धरला.

"काय झालं हाताला?"

"काय न्हाई. फोड आलाय."

"मंग सोमवारपास्नं इहिरीवर चला. धरलं न्हवं लोखंड? कुनी खाऊन टाकलं तुमास्नी?"

सहादेव रस्त्यातच थांबला. त्यानं धोतराचा ओला सोगा पिळला.

"शनीचं न्हाई गं," तो म्हणाला. "त्या दिशी मी इहिरीत खाली हुतो आन् यारीची साखळी तुटली, दगडाचं टोपलं माझ्या बाजूला पडलं. कानापाशी वारं लागलं त्याचं. तवापास्नं मला खाली उतरायचं भ्या वाटतंय. काठावर गेलं तरी पाय लटलटत्यात."

छबूबाईला पहिल्यांदा संताप आला, आणि मग आपलीच लाज वाटली. त्या दिवशी तिनं टोपलं नवं आणायला लागेल म्हणून आरडाओरडा केला होता. माणसाकडं नीट पाहिलंच नव्हतं.

"मंग तसं सांगायचं हुतं मला. दोन वरसं तेल वतत बसलासा!"

"बाप्यामानसानं भ्या वाटतंय म्हनून कसं सांगायचं? लोक हसत्यात. शनीचं नाव घेतलं, तर हात जोडत्यात."

ह्यावर हसावं की रडावं, हे तिला कळलं नाही. ती थोडी हसली.

"मी उतरते," ती म्हणाली. "मी टोपली भरीन. तुमी काठापासनं लांब उभं ऱ्हाऊन यारी फिरवा."

"बायकू इहिरीत आन् नवरा वर? लोक काय म्हनतील?"

"शनीनं सांगितलं म्हना. तो कशाला न्हाई म्हनायला येतोय?"

सोमवारी छबूबाई विहिरीत उतरली. बघायला निम्मा गाव जमला, कारण दुष्काळात तेवढीच करमणूक. पहिलं टोपलं तळापासून सुटलं आणि हेलकावे खात वर यायला लागलं, तसा गहिनीनाथ गुरव काठाशी आला. साडेसातीत लोखंड धरल्यानं काय काय होतं, ते तो खड्या आवाजात सांगायला लागला. सहादेवाचे दोन्ही हात यारीच्या मुठीवर होते, पाय लटलटत होते, आणि नजर साखळीवरनं हलत नव्हती.

"गुरव," तो म्हणाला, "वाईच गप बसा. आत मानूस हाय."