जा की

बारा दिवस शर्मिलाबाई गाडीत एक अक्षर बोलल्या नव्हत्या, आणि रतनराव गायकवाडांनी त्याचं सगळं खापर डिझेल इंजिनावर फोडलं होतं. तेरा वर्षांची गाडी ती. सुरू झाली की पिठाची गिरणी परवडली. शिवाय इंजिनाची धग पत्र्यातून थेट पायांवर. बायको बोलणार कशी? घरात दोघं दोन खोल्यांत, काय बोलणं व्हायचं ते गाडीतच. तेही बंद पडलं, तेव्हा या निवृत्त ओव्हरसियरला करमेना.

त्यांनी गाडी बिबवेवाडीत संपतच्या गॅरेजला नेली. संपतने दोन दिवस खपून डॅशबोर्ड उतरवला, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर आवाज दाबणाऱ्या जाड डॅम्पिंग शीट रोलरने दाबून बसवल्या, वर फोम चढवला, वायरींची भोकंसुद्धा बुजवली.

"काका, आता काकी कुजबुजल्या तरी ऐकू येतंय बघा," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी शर्मिलाबाईंना स्वारगेटला सोडायचं होतं. मुलीकडे, निकिताकडे, सांगलीला निघाल्या होत्या, दोनच दिवसांसाठी असं रतनराव धरून चालले होते. त्या मानाने बॅग भलतीच फुगली होती, पण ते आपल्याच तोऱ्यात. ना खडखडाट, ना धग. मार्केट यार्डच्या सिग्नलला गाडी थांबली.

"पायाला चटका लागतोय का?"

"नाही."

"मग बोल की काहीतरी. तुझ्यासाठीच केलं सगळं."

"आता कशाला?" शर्मिलाबाई समोर बघत म्हणाल्या. "तुम्हीच 'जा' म्हणालात ना."

"मी? कधी?"

"बारा दिवस झाले. याच सिग्नलला. मी म्हटलं, इथे माझं कुणाला काय पडलंय, निकिताकडे कायमची जाऊ का? तुम्ही खेकसलात, 'जा की! कोणी अडवलंय?'"

 रतनरावांना लख्ख आठवलं. सिग्नल हिरवा झालेला, पुढची रिक्षा हलायला तयार नाही, आणि ते त्या रिक्षावाल्यावर ओरडले होते. बायकोचा प्रश्न कानावर पडलाच नव्हता. आणि बिचारी बारा दिवस थोडं थोडं सामान भरत होती, त्यांच्याच घरात, त्यांच्या नाकासमोर.

"अगं, रिक्षावाल्याला म्हणालो मी!"

शर्मिलाबाईंनी मान वळवली. "आणि मी विचारलं ते?"

"ऐकूच आलं नाही."

"बघितलंही नाहीत."

 सिग्नल हिरवा झाला. रतनरावांनी हँडब्रेक ओढला.

"पुन्हा विचार," ते म्हणाले. 

"काय?"

"तेच."

मागे हॉर्न सुरू झाले.  शर्मिलाबाई हळूच म्हणाल्या, "जाऊ का मी?"

"ओ काका, जा की!" मागून कोणीतरी बोंबललं.

दोघंही दचकले. रतनराव मागे वळले नाहीत. बायकोच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नको."

पायाशी ठेवलेल्या बॅगेचा पट्टा शर्मिलाबाईंनी घट्ट धरला होता. तो त्यांनी अजून सोडला नव्हता.