म्हाळसामामीचं रक्त

गौतमीनं म्हाळसामामीचं रक्त पुन्हा यंत्रात घातलं. जुन्या किटवर आकडा तसाच चढलेला. नव्या किटवर मात्र धडधाकट बाईचा असावा तेवढाच.

सणसवाडीच्या कंपनीत तिचं हेच काम होतं. गाठीच्या रोगात रक्तात वाढणारं प्रथिन मोजायला किटमध्ये मेंढीच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीज असतात. मेंढरांत जन्म गेलेल्या माणसाचं रक्त कधीकधी त्या अँटिबॉडीजनाच जाऊन चिकटतं आणि यंत्र फसतं. नव्या किटनं ते चिकटणंच रोखलं होतं. पडताळणीला मेंढपाळांचं रक्त हवं होतं, म्हणून तिनं मामीचंही मागून आणलं होतं.

त्या आकड्यापायी गेल्या वर्षी मामीची गर्भपिशवी काढली होती. काढलेल्यात काही सापडलं नाही, तरी आकडा उतरेना. मग केमो सुरू झाली.

गौतमीनं कळवल्यावर मामीच्या डॉक्टरांनी दुसरीकडून खात्री करून घेतली आणि केमो थांबवली. घरी सांगायचं काम गौतमीनं अंगावर घेतलं.

रविवारी ती वरवंडला गेली तेव्हा हरिबामामा मेंढरांमागं गेला होता. मामी ओसरीवर लसूण सोलत होती.

"मामी, तुला कॅन्सर न्हाई."

"बरा झाला व्हय?"

"नव्हताच. मेंढरांमुळं मशीन चुकत हुतं."

मामीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. पदराखाली केस नव्हते.

"म्हंजी तवाबी नव्हता?"

"न्हाई, मामी."

मामीनं आणखी एक पाकळी सोलली. मग सुपात हात तसेच ठेवून ती म्हणाली,

"तुज्या मामानं लेकरासाठी एक देव सोडला न्हाई. आपरेशनच्या येळंला मला म्हनला, लेकरू नशिबात नसंल तर नसंल, तू तेवढी ऱ्हा. त्यावरच मन मारून बसलाय त्यो."

अंगणात काठी टेकल्याचा आवाज झाला. हरिबा डोक्याचं मुंडासं सोडत आत आला, भाचीला पाहून थबकला.

"काय म्हनला गं डॉक्टर?"

गौतमीनं तोंड उघडलं. ती बोलायच्या आतच म्हाळसा उठली.

"रोग गेला म्हनत्यात. आपरेशन लागू पडलं."

हरिबा पायरीवर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. म्हाळसा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. गौतमीकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.